दुसऱ्यांचे पेपर लिहिणारी उन्नती

"का आलात?" असं वैशालीताईंनी विचारलं की प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली सगळी पोरं एकदम आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालायची.

नेरूळच्या भाजी मार्केटमागच्या जिन्याने वर गेलं की 'हातभार'ची खोली लागते. खोली एकच. खालून कोथिंबिरीचा वास आणि भावावरून चाललेली भांडणं दोन्ही फुकटात वर येतात. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून द्यायची आणि परीक्षेत त्यांचे लेखनिक म्हणून बसायचं, असं संस्थेचं काम. परीक्षार्थी सांगेल ते लेखनिकाने लिहायचं. कमी नाही, जास्त नाही. पगार नाही, चहा आहे. दर जानेवारीत पोरांची नवी तुकडी यायची आणि वैशालीताई त्यांना हाच प्रश्न टाकायच्या.

"मॅम, मला एमएसला बाहेर अप्लाय करायचंय. तिकडे सोशल वर्क बघतात," शौनक म्हणाला. इंजिनिअरिंगचा मुलगा, पण सरळ बोलला.

"छान. पुढे?"

"माझा ब्रेकअप झालाय," एक मुलगी म्हणाली. "घरी बसले की रडायला येतं."

"इथे जपून रड. उत्तरपत्रिकेवर टिपूस पडला तर शाई पसरते. पुढे?"

"घरी स्थळं बघतायत. बायोडेटात 'आवड' लिहायची जागा रिकामी होती, म्हणून..."

खोलीत हशा पिकला. वैशालीताई हसल्या नाहीत. पंचवीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेली बाई ती. कोण कशासाठी रांगेत उभं राहतं, याचं तिला काही वाटत नसे.

"मला कुठलंही कारण चालतं. पुण्य, सर्टिफिकेट, नवरा, काहीही. मी तुमच्या कारणांचं लोणचं घालणार नाहीये. फक्त वेळेवर या. कॉलेजला उशीर झाला तर तुमचं लेक्चर बुडतं. इथे दुसऱ्याचं वर्ष बुडतं." मग कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या मुलीकडे मान वळली. "उन्नती, तू जुनी. सांग यांना, तू का येतेस?"

"माझं अक्षर बरंय, ताई."

"हे तू दर वर्षी सांगतेस."

"दर वर्षी बरंच असतं."

पुन्हा हशा. उन्नतीने कप वाटले आणि विषय तिथेच मिटला. खरं कारण तिने सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं, आणि तेच तिला नको होतं.

खरं कारण असं, की उन्नती बारावीला दोनदा नापास झाली होती. अभ्यास न करता नव्हे. सगळं तोंडपाठ असूनही. प्रश्नपत्रिका समोर आली की तिचा उजवा हात मनगटापासून थंड पडायचा. बर्फातल्या पापलेटासारखा. पेन धरलेलं असायचं, डोक्यात उत्तर असायचं, आणि मधला रस्ता बंद. पहिल्या वर्षी बाई म्हणाल्या, टेन्शन घेतलंस. दुसऱ्या वर्षी कुणी काही म्हणालंच नाही. तिसऱ्यांदा ती बसलीच नाही.

मग एक दिवस नेरूळ स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर चिकटवलेला कागद दिसला. 'लेखनिक हवेत. परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेले असावेत.' कमी शिकलेले असावेत! उन्नतीने तो कागद दोनदा वाचला. या जगात तिच्या नापासपणाची गरज असलेली एक तरी जागा होती.

पहिल्याच पेपराला बसली तेव्हा शेजारी बसलेला अंध मुलगा सांगत गेला आणि तिचा हात पळत सुटला. गरम, सरसर, ओळीमागून ओळ. घंटा झाली तेव्हा तिला उठवेना. त्या दिवशी ती घरी, करावे गावापर्यंत चालत आली, उजवा हात डाव्या हातात धरून. कुणाचं तरी लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.

घरी या कौतुकाला जागा नव्हती. आई पुतळा मासळी विकायची. तिच्या जिभेला कोयत्याची धार.

"सोताचा पेपर लिवता येत नाय, नि लोकांचं पेपर लिवत फिरते. कनाला गो? भाकरी देतात का तुला त्या?"

"चहा देतात, आये."

"चाय! मंग त्या चायवाल्याशीच लगीन लाव."

बाप वामन ओट्यावर बसलेला असायचा. खाडीत जाळी टाकायचे दिवस गेले. आता वडिलार्जित जागेवर खोल्या बांधून भाडेकरू ठेवले होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यालाही कळत नव्हतं. "ऱ्हाऊ दे गो," तो पुतळाला म्हणायचा. "पोरीचा हात चालतो ना? मंग चालू दे."

बस, तेवढं एक वाक्य. उन्नती त्यावर चार वर्षं जगली.

मनस्वी तिला दुसऱ्या वर्षी भेटली. नेरूळच्या सोसायटीतली, कॉलेजात बी.ए. करणारी, नववीत ताप डोळ्यांवर जाऊन दृष्टी गेलेली. फटकळ मुलगी. पहिल्या भेटीत उन्नतीने तिचा दंड धरून रस्ता ओलांडायला सुरुवात केली तर म्हणाली, "मी सामान नाहीये. तुझा हात दे, मी धरते." तेव्हापासून मनस्वीचे सगळे धडे उन्नतीच्या आवाजात रेकॉर्ड व्हायचे आणि सगळे पेपर उन्नतीच्या हाताने लिहिले जायचे.

यंदा शेवटचं सत्र. दोन पेपर मागचे राहिलेले, इतिहास आणि समाजशास्त्र. बेलापूरच्या एका ऑफिसात मनस्वीची लिपिक म्हणून निवड झाली होती, अपंगांच्या राखीव जागेवर. अट एकच, जुलैच्या आत पदवी दाखवायची. नाही दाखवली तर प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस.

"ही नोकरी गेली ना," मनस्वी म्हणाली होती, "तर आमच्या घरी मी जन्मभर पालक निवडत बसणार. 'बिचारी हाताने बघून किती छान निवडते!' मला त्या पालकाची शिसारी आलीय, उन्नती."

"नाही जाणार नोकरी," उन्नती म्हणाली. "मी आहे ना."

इतिहासाचा पेपर.

लेखनिक घेणाऱ्यांना वेगळी खोली देतात, कारण उत्तर मोठ्याने सांगावं लागतं. त्या दिवशी खोलीत ह्या दोघीच. दारापाशी पर्यवेक्षक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या, मे महिन्यात.

सगळ्यात जास्त मार्कांचा प्रश्न होता असहकार चळवळीवर. ती कशी पसरली आणि मागे का घेतली, सविस्तर लिहा. उन्नतीने प्रश्न वाचून दाखवला. मनस्वीचा चेहरा उजळला.

"येतंय. लिही. विद्यार्थ्यांनी सरकारी कॉलेजं सोडली. वकिलांनी कोर्टावर बहिष्कार टाकला. गावोगावी परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या..."

उन्नतीचा हात पळत होता.

"...आणि गांधीजी साबरमतीहून पायी दांडीला निघाले. मूठभर मीठ उचलून त्यांनी कायदा मोडला. शेवटी लंडनच्या बोलणीसाठी चळवळ मागे घेतली गेली."

हात थांबला.

हे चूक होतं. दांडी पुढची, आठ-दहा वर्षांनंतरची, दुसरी चळवळ. असहकार मागे घेतली ती चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं जाळलं म्हणून. उन्नतीला हे पाठ होतं, तिनेच तर वाचलं होतं. मग मनस्वी असं का सांगतेय? आणि इतकं न अडखळता?

तिला ती चाल ओळखू आली. 'होळ्या पेटल्या', मग छोटासा श्वास, मग 'साबरमतीहून पायी'. तो श्वास मनस्वीचा नव्हता. उन्नतीचा होता.

तो धडा रेकॉर्ड केला त्या दिवशी शेजारच्या आळीत हळद होती. गावात लग्नसराईत हळद म्हणजे दुपारपासून डीजे, भिंती थरथरतात, ताटल्या मांडणीवरून चालत पुढे येतात. उन्नती गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत धडे वाचत होती. नवं गाणं लागायच्या आत पान संपवायचं, म्हणून तिने घाईने उलटलं. दमट हवेने चिकटलेली दोन-तीन पानं एकदम उलटली गेली असणार. डोळसाला ते पान उलटून बघता येतं. मनस्वीच्या कानात मात्र दोन चळवळी शिवण न दिसता जोडल्या गेल्या, आणि तिने विश्वासाने तेच पाठ केलं. पुन्हा पुन्हा. कदाचित आंघोळ करतानासुद्धा.

आणि उन्नतीने ते रेकॉर्डिंग पाठवण्याआधी ऐकलं नव्हतं. ती कधीच ऐकायची नाही. स्वतःचा आवाज तिला सोसायचा नाही.

"लिहिलंस?" मनस्वीने विचारलं.

"लिहितेय."

आणि तिने लिहिलं. चौरीचौरा. जळालेलं ठाणं. अहिंसेचा आग्रह. सगळं बरोबर, मुद्देसूद, सुंदर अक्षरात. चूक माझी, तर दुरुस्ती पण माझी, असं तिचं मन म्हणत होतं. हात तापलेला. इतका गरम तो कधीच झाला नव्हता.

"वाच," मनस्वी म्हणाली. उत्तर झालं की वाचून दाखवायचं, हा दोघींचा नेम.

उन्नतीने कागदाकडे बघितलं आणि मनस्वीचं उत्तर म्हणून दाखवलं. होळ्या, साबरमती, दांडी, लंडन. एकही शब्द कागदावर नव्हता.

मनस्वीने मान कागदाच्या दिशेने वळवली. मग अगदी हळू म्हणाली, "हे मी बोलले ते झालं. तू लिहिलंस काय?"

"हेच."

"माझं वाक्य संपल्यावर तुझं पेन चालू होतं. बराच वेळ. मला पेन ऐकू येतं, उन्नती."

दारापाशी सुया थांबल्या. "काय चाललंय? उत्तराव्यतिरिक्त बोलायचं नाही हं."

"नाही मॅडम," मनस्वी म्हणाली. आणि ओठ न हलवल्यासारखं, "खोड."

"मनू, तुला माहीत नाहीये, ते चूक..." उन्नती कुजबुजली.

"सांगू नकोस! सांगितलंस तर मी आत्ता उठून बाहेर जाईन. खोड, आणि मी सांगितलं ते लिही."

"नापास होशील गं."

"माझी मी होईन. खोड."

उन्नतीच्या डोळ्यांसमोर बेलापूरचं ऑफिस आलं, प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस आला, पालकाची जुडी आली. प्रश्नपत्रिकेवर नुसती रेघ मारली असती तरी खोडल्याचा आवाज झाला असता. तिला ते सुचलं. पेन प्रश्नपत्रिकेपर्यंत गेलंसुद्धा.

मनस्वीचा तळहात टेबलावर सरकत आला आणि उत्तरपत्रिकेच्या कडेवर येऊन थांबला. कागद हलतोय की नाही ते बघत.

उन्नतीने बरोबर उत्तरावर काट मारली. एक, मग दुसरी. आणि मग खाली, त्याच सुंदर अक्षरात, तिने लिहिलं की असहकार चळवळीत गांधीजी दांडीला चालत गेले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर तिने सगळं सांगून टाकलं. डीजे, पानं, न ऐकलेलं रेकॉर्डिंग. मनस्वी ऐकत राहिली. उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

"म्हणजे मी पाठ केलं ते बरोबर केलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो. चूक माझीच."

"आणि आत तुला ती झाकायची होती."

"झाकायची नव्हती! तुला पास करायचं होतं. त्यात काय पाप आहे? तुझं उत्तर माझ्यामुळे चुकलं, मी माझ्या हाताने..."

"दहावीला मावशीच्या मुलीने माझा पेपर लिहिला," मनस्वी मध्येच म्हणाली. "मी अडकले की ती पुरं करायची. मला कळायचं, मी गप्प बसायचे. चांगले मार्क पडले. पेढे वाटले. आणि सोसायटीतल्या बायका तिला म्हणाल्या, 'किती गं गुणाची, बिचारीला पास केलंस!' माझ्यासमोर. मी आंधळी आहे, बहिरी नाही."

उन्नतीने उरलेला रस एका घोटात संपवला.

"तू खरंच कशासाठी येतेस? अक्षराचं नको सांगूस."

रस संपून ग्लासात बर्फ राहिला होता. उन्नतीने तो मुठीत धरला. "तिथे बसल्यावर माझा हात चालतो," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठेच चालत नाही. तू पास झालीस की मला वाटतं मी झाले."

"मग तू स्वतः बस ना परीक्षेला!" मनस्वी उठली. काठी उघडल्याचा खटकन आवाज झाला. "माझ्यावर बसून नको होऊस पास."

संध्याकाळी वैशालीताईंचा फोन आला. मनस्वीला समाजशास्त्राला दुसरा लेखनिक हवा होता. काय झालं ते ताईंनी ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत, आणि त्यानेच उन्नतीला जास्त लागलं.

"दुसरा कोण मिळेल, ताई?"

"मिळत नाहीये. परीक्षांच्या दिवसांत सगळी पोरं स्वतःच परीक्षेला बसलेली असतात. दर वर्षीचं रडगाणं आहे."

मग उन्नतीने स्वतःच फोन लावायला घेतले. आपल्या जागी बसेल असं कुणीतरी शोधायला. शौनक लगेच 'हो' म्हणाला, पण तो जास्त शिकलेला निघाला.

"म्हणजे मी ओव्हरक्वालिफाइड? बारावी फेल असतो तर चाललो असतो?"

"हो."

"काय राव! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिक्षणावरून रिजेक्ट केलं. उन्नती, रडतेस का तू?"

"नाही. सर्दी झालीय."

ब्रेकअपवालीचा ब्रेकअप मिटला होता, ती त्याच्याबरोबर लोणावळ्याला होती. बायोडेटावालीचा साखरपुडा ठरला होता. कारणं जशी आली होती तशी उडून गेली होती, आणि त्यांच्याबरोबर माणसंही. तुर्भ्याच्या एका वस्तीत अकरावीतली एक मुलगी आहे असं कळलं, तर उन्नती ट्रकच्या धुळीतून विचारत विचारत तिथवर गेली. मुलगी तयार होती. तिची आई दारात आडवी उभी राहिली.

"आमची पोरगी लोकांसाठी फुकट का राबंल? तुला तरी काय मिळतं गं त्यातून?"

उन्नतीने ओढणीने तोंडावरची धूळ पुसली. मे महिन्याच्या उन्हात ती तशीच उभी राहिली. आपल्याला काय मिळतं ते तिला आता नीट कळलं होतं, आणि ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी वैशालीताईंच्या शेजारणीचा भाचा कबूल झाला. समाजशास्त्राच्या सकाळी फाटकाशी सगळे त्याची वाट बघत होते. ताई, मनस्वी, स्कूटरवर टेकलेले तिचे बाबा. उन्नती रस्त्यापलीकडे रसवंतीच्या आडोशाला उभी होती, कुणी बोलावलं नसताना. भाच्याचा फोन बंद. मग लागला, तेव्हा त्याच्या आईने उचलला. "अहो, तो उठलाच नाही. रात्रभर मॅच बघत होता. दुपारी चालेल का?"

"दुपारी कशाला, पुढच्या जन्मी पाठवा," असं म्हणून वैशालीताईंनी फोन पर्समध्ये आपटला. पर्सची चेन त्यांना दोनदा ओढूनही लागेना. उन्नतीने हे कधी पाहिलं नव्हतं.

आत पहिली घंटा झाली. मनस्वीच्या बाबांनी डोकं धरलं. ताईंनी रस्त्यापलीकडे बघितलं. परवानगीच्या कागदावरचं नाव आज आत जाऊन बदलून घ्यायचं होतं, अजून ते उन्नतीचंच होतं.

"ती आलीय ना?" मनस्वीने विचारलं.

"तुला कसं..." ताई म्हणाल्या.

"ती येणारच. बोलवा."

उन्नती धावत आली. मनस्वीने चेहरा तिच्याकडे वळवला, पण हात पुढे केला नाही.

"लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणायचा. मी थांबले की पेन खाली ठेवायचं. ठेवल्याचा आवाज आला पाहिजे मला."

"हो."

"मला राग आहे अजून. तो गेला म्हणून नाही बोलावलं. दुसरं कोणी नाही म्हणून बोलावलंय."

"माहितीये."

पहिले दोन प्रश्न बरे गेले. मनस्वी सांगे, उन्नती शब्द पुटपुटत लिही, वाक्य संपलं की पेन टेबलावर टक्कन ठेवी. हात आज थंडच होता. बारावीच्या हॉलमधल्यासारखा. तरीही ती एकेक अक्षर ओढून काढत होती.

तिसऱ्या प्रश्नाला मनस्वी अडकली.

"परत वाच."

उन्नतीने परत वाचला. खेड्यांतून शहरात होणाऱ्या स्थलांतराचे परिणाम.

"मला येतं हे. येतं मला. चार मुद्दे होते... घरं... नाही, थांब."

टक्कन पेन खाली. वर पंखा फिरत होता. उन्नतीला चारही मुद्दे येत होते. ते रेकॉर्डिंग चांगलं झालं होतं, कुठलंही पान निसटलं नव्हतं. पहिल्या मुद्द्याचा पहिला शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. एवढासा. नुसता खाकरला असता तरी मनस्वीला धागा मिळाला असता.

"घरं, मग... देवा. काल झोपताना म्हटलं होतं मी." मनस्वीने मूठ कपाळावर मारली. परत मारली. "किती वेळ राहिला?"

"थोडा."

"पुढचा वाच. नाही, थांब. येतं मला."

उन्नतीने दोन्ही ओठ दातांखाली धरले. डोळ्यांतून पाणी गळून टेबलावर पडलं, तिने कोपराने उत्तरपत्रिका बाजूला सारली, शाई पसरू नये म्हणून. आयुष्यात तिने पुष्कळ प्रश्न कोरे सोडले होते. सगळे हात चालला नाही म्हणून. येत असताना, पेन हाताशी असताना कोरा सोडायची ही पहिली वेळ होती.

घंटा झाली.

"वाच," मनस्वी म्हणाली.

उन्नतीने पहिल्यापासून वाचलं. आज कागदावर होतं तेच. तिसऱ्यापाशी आली. "प्रश्न तिसरा. उत्तर नाही."

मनस्वीने मान हलवली. पर्यवेक्षक बाई कागद गोळा करून गेल्या तरी दोघी तशाच बसून होत्या.

निकाल पावसाळ्यात लागला. समाजशास्त्रात मनस्वी कशीबशी पास झाली. इतिहासात गेली. थोडक्यात गेली, असं वैशालीताई म्हणाल्या. बरोबर उत्तरावर मारलेली ती काट उन्नतीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ती नसती तर... पुढचा विचार तिने केला नाही. त्या विचाराला टोकच नव्हतं. बेलापूरची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

उन्नतीने ओट्याच्या कडेला बसून मनस्वीला फोन लावला. परीक्षेनंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

"कळलं?" मनस्वी म्हणाली.

"कळलं."

 मग पलीकडून एक आवाज आला, दाबलेला, उशीत तोंड खुपसल्यासारखा. मनस्वी रडत होती. उन्नतीच्या ओठांशी चार वाक्यं तयार होती. पुन्हा देता येईल. सगळं नव्याने रेकॉर्ड करते. माझ्यामुळे झालं. रडू नको. चारही वाक्यं बोलायला सोपी होती, आणि बोलून उन्नतीलाच बरं वाटलं असतं.

तिने एकही उच्चारलं नाही. फोन कानाशी धरून ती बसून राहिली.

पुतळा रिकामी पाटी घेऊन बाजारातून आली. "कोनाशी बोलतेस गो? तोंड तर हलत नाय तुजा. फोनचं पैसं फुकट घालवते."

उन्नतीने आईला हाताने थांबवलं. पुतळा उंबऱ्यातच उभी राहिली, लेकीचा चेहरा बघत. मग तिने आवाज न करता पाटी खाली ठेवली.

"आहेस ना?" पलीकडून मनस्वीने विचारलं.

"आहे," उन्नती म्हणाली आणि परत ऐकू लागली.